बदकांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. जत्रेत फुगे फोडायची असते ती छर्ऱ्याची बंदूकसुद्धा नाही, कारण आई हात धरून पुढे ओढायची आणि म्हणायची, "त्याचे काय मार्क मिळणार आहेत?" असं असूनही बदकांच्या शिकारीचं रीतसर लायसन्स माझ्या पाकिटात आहे, आणि शिकाऱ्यांना तपासत फिरणाऱ्या एका गेम ऑफिसरबाईंच्या वहीत माझं नाव बेसनाच्या लाडवांसकट नोंदलेलं आहे. हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण आमच्या ट्रुगानिना या उपनगरात या गोष्टीच्या निदान पाच आवृत्त्या फिरताहेत आणि एकीत तर मी मगर मारली आहे.

सगळं सुरू झालं २०२०च्या त्या न संपणाऱ्या लॉकडाउनमध्ये. मी बाथरूमच्या टाइल्सच्या एका वेअरहाउसमध्ये स्टॉक कंट्रोलर आहे. डॅरल माझा बॉस. अठ्ठावन्न वर्षांचा, दाढीवाला, मनाने बरा, पण हेडऑफिसचा ईमेल आला की लाल होतो. दर शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपार कलल्यावर, तो सगळ्यांना झूमवर बोलवायचा. सगळे बिअर घेऊन बसायचे, मी चहा. एका शुक्रवारी डॅरल म्हणाला, "बदकांची परीक्षा? मेट, या राज्यात तिच्याएवढी अवघड परीक्षा नाही. माझा मेव्हणा चार वेळा आपटला."

झूमवरचे बाकीचे हसले. माझा मात्र कप हातातच राहिला. परीक्षा हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आई नाशिकरोडला शाळेत शिक्षिका होती. दहावीला मला गणितात शहाण्णव पडले तेव्हा तिने पेढे आणायच्या आधी विचारलं होतं, "चार कुठे गेले?" ते चार मी अजून शोधतोय.

चौकशी केली. बदकांची शिकार करायची तर आधी बदकं ओळखता यायला हवीत. पडद्यावर बदक उडतं, ते मारायचं की सोडायचं ते सांगायचं. सरावाची परीक्षा ऑनलाइन होती. पहिल्या दिवशी मला बावीसपैकी सहा पडले, आणि मी अस्वस्थ झालो. लोक त्या काळात पाव भाजत होते, टोमॅटो लावत होते. मी रात्रंदिवस बदकं पाहत होतो. पॅसिफिक ब्लॅक, ग्रे टील, चेस्टनट टील, हार्डहेड. फ्रिजवर तक्ता लावला. वाणसामानाची यादी त्यामुळे मायक्रोवेव्हवर गेली.

"बाबा, धिस इज सो वीअर्ड," करुणा म्हणाली. ती माझी मुलगी, बारा वर्षांची. मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देते.

प्रमिलाने, म्हणजे माझ्या बायकोने, वेगळंच विचारलं. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, तिला रिकामपणाची चैन नव्हती. "तू रोज सकाळी पंचशील म्हणतोस. पहिलंच काय आहे?"

"मी मारणार नाहीये गं. फक्त ओळखणार आहे."

लॉकडाउन उठल्यावर एका हॉलमध्ये दीड दीड मीटरवर खुर्च्या मांडून खरी परीक्षा झाली. माझ्या आजूबाजूला गुडघ्यापर्यंत बूट घातलेले दांडगे पुरुष पेन्सिली चावत बसले होते. मला बावीसपैकी बावीस. आईला फोन केला. तिने "कशात?" असं विचारलंसुद्धा नाही. "पैकीच्या पैकी?" म्हणाली आणि फोन ठेवून पेढे आणायला निघाली. मी मार्कशीट लॅमिनेट करून घेतली. आता एवढी परीक्षा पास झालो आहे तर लायसन्स कशाला सोडायचं, म्हणून तेही काढलं. बंदुकीचं लायसन्स वेगळं असतं, त्याच्या वाटेला मी गेलो नाही.

इथे थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी मार्कशीटचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. आता ज्याला पैकीच्या पैकी पडलेत त्याने फोटो टाकायचा नाही तर काय करायचं?

डॅरल धावत माझ्या टेबलाशी आला. धर्मपाल या नावाचं त्याच्या तोंडी डार्मा होतं. "डार्मा! यू लिटल ब्यूटी!" म्हणत त्याने मला कोपर मारलं, कारण तेव्हा हात मिळवायला बंदी होती. त्याच आठवड्यात हेडऑफिसचा ईमेल आला की स्टॉक कंट्रोलला दोन माणसं आहेत, जूनअखेर एक पुरे. दोन माणसं म्हणजे मी आणि गॅविन. कोण राहणार ते डॅरल ठरवणार. गॅविन डॅरलबरोबर फुटी, म्हणजे इथला फुटबॉल, बघायला जायचा, त्याच्या घरी बार्बेक्यूला जायचा. मी डॅरलला दिवाळीच्या सुमारास चिवडा द्यायचो, तो त्याला तिखट लागायचा. माझं काही खरं नव्हतं.

आणि २०२१च्या मे महिन्यात डॅरल म्हणाला, "बुधवारी सीझन उघडतोय. मेव्हणा लायसन्सशिवाय पाण्याजवळ येऊ शकत नाही. तू चल. तू फक्त ओळखायचं, मी मारणार." मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "जूनच्या त्या भानगडीबद्दलही बोलू."

घरी आल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. प्रमिलाची नोकरी एजन्सीची, आज शिफ्ट आहे तर उद्या नाही. माझी गेली तर घर कसं चालणार होतं? आणि दुसरीकडे ते पहिलं शील. प्रमिला म्हणाली, "जा. बंदुकीला हात लावू नकोस, आणि त्याला चुकीचं काही मारू देऊ नकोस. झालाच तर एखाद्या बदकाचा जीव वाचेल." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

इथे नरेंद्र आला. नरेंद्र आमचा शेजारी, मूळचा पुण्याचा, युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि राहिला. आता इन्शुरन्समध्ये आहे. त्याला अमुक एक गोष्ट माहीत नाही असं अजून झालेलं नाही.

"गेम ऑफिसर भेटणार," तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "शंभर टक्के भेटणार. पहिल्या दिवशी भेटतातच. तुझी काही तयारी?"

"लायसन्स आहे की."

"लायसन्स!" तो असा हसला की मला माझ्या लायसन्सची लाज वाटली. "अरे, मी एका अमेरिकन शिकाऱ्याचे सगळे व्हिडिओ बघितलेत. दोन्ही हात वर, दिसतील असे. आपणहून बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. कागद सगळे जवळ ठेवायचे, एक मागितला तर सगळे द्यायचे, बघणाराच कंटाळतो. आणि काहीतरी खायला ने. खाताना माणूस कडक राहू शकत नाही."

"हे शेवटचं अमेरिकन म्हणतो?"

"ते माझं आहे," नरेंद्र म्हणाला.

गॅरेजमध्ये सराव झाला. प्रमिला ऑफिसर झाली, तिने वृद्धाश्रमातली फेसशील्ड लावली. मी हात वर करून उभा राहिलो. नरेंद्र कुंपणापलीकडून सूचना देत होता.

"नाव?" प्रमिला म्हणाली.

"धर्मपाल."

"बंदूक कुठे आहे?"

"नाही, मॅडम."

"बाथरूमचा नळ मार्चपासून गळतोय, तो कधी दुरुस्त करणार?"

"हे ऑफिसर विचारणार नाही."

"मी विचारतेय. हात खाली घेऊ नका."

करुणाने व्हिडिओ काढला. तो अजून माझ्या भाच्यांच्या ग्रुपवर आहे.

बुधवारी पहाटे डॅरलच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, निघालो. कोविडमुळे काचा उघड्या, बाहेर कडाक्याची थंडी, दोघांच्या तोंडाला मास्क. माझ्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. तिच्यात लायसन्स, मार्कशीट, पासपोर्टची प्रत, लग्नाचं सर्टिफिकेट, विजेचं बिल, सगळ्याच्या दोन दोन प्रती. पायाशी लाडवांचा डबा. डॅरल रस्ताभर जुन्या शिकारींच्या गोष्टी सांगत होता आणि जूनबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

पाणथळ जागेवर पोचलो तेव्हा धुकं होतं. डॅरलने मला कमरेपर्यंतचा रबरी पायजमा दिला. तो त्याच्या मेव्हण्याचा होता, आणि मेव्हणा माझ्या दीडपट असावा. लव्हाळ्यात उभे राहिलो, माझ्या काखेत फाइल, खांद्याला डब्याची पिशवी. मग बदकं उडाली, आणि काय सांगू, मी हरखूनच गेलो. एवढे महिने जी स्क्रीनवर पाहिली होती ती खरोखरची डोक्यावरून जात होती, पंखांचा आवाज करत. मला वाटलं, ओळखीची माणसं भेटली.

पहिली तीन बरोबर होती. मी म्हणालो "ब्लॅक डक, हो," आणि डॅरलने मारली. प्रत्येक वेळी मी डोळे मिटले. चौथं जरा उशिरा आलं, एकटं, काळपट.

"डार्मा? यस ऑर नो?"

आता माझी चूक काय झाली ते सांगतो. आम्हाला शाळेत आधी कारणं आणि मग उत्तर लिहायची सवय लावली आहे. नुसतं उत्तर लिहिलं तर अर्धेच मार्क. मी सुरू केलं, "डोकं मागे टोकदार आहे. पंख खालून पांढरे नाहीत. मान खाली झुकवून उडतंय. यावरून असं सिद्ध होतं की..."

धाड.

"...नो," मी म्हणालो.

डॅरलने ते आणून माझ्या हातात दिलं. ते गरम होतं. ते गरम असेल हे मला कुठल्याच परीक्षेत कोणी सांगितलं नव्हतं. पिसांवर बारीक पांढरे ठिपके होते, शाईच्या पेनाने काढल्यासारखे. फ्रेकल्ड डक. मारायला बंदी असलेलं. मला फार वाईट वाटलं. मी उत्तर आधी दिलं असतं तर ते आत्ता पाण्यावर असतं.

"ब्लॅक डक आहे," डॅरल म्हणाला.

"डॅरल, ते..."

"ब्लॅक डक आहे, मेट," तो पुन्हा म्हणाला आणि मागे बघू लागला. मागून खाकी कपड्यातल्या बाई चिखल तुडवत येत होत्या.

मी बदक खाली ठेवून ताबडतोब दोन्ही हात वर केले. काखेतली फाइल चिखलात पडली.

"मॉर्निंग, जेंट्स. लायसन्स बघू." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हात खाली घेतलेत तरी चालेल."

मी घेतले नाहीत. आपणहून काही करायचं नाही हे ठरलेलं होतं. शेवटी त्यांनीच वाकून फाइल उचलली. आतून विजेचं बिल निघालं, मग लग्नाचं सर्टिफिकेट. बाईंनी ते काळजीपूर्वक वाचलं आणि म्हणाल्या, "अभिनंदन." हात वर असल्याने माझा रबरी पायजमा खाली सरकायला लागला होता. हात खाली घ्यावे तर नरेंद्रची शिस्त मोडते, न घ्यावे तर अब्रू जाते. मी अब्रू वाचवली, आणि हात मोकळे झालेच होते म्हणून लाडवांचा डबा उघडला.

"लाडू घ्या, मॅडम."

"थँक्स, पण आम्हाला काही घेता येत नाही."

आता कोणी नको म्हटलं की आपण काय करतो? आग्रह. पहिल्यांदा कोणी हो म्हणतं का? मी म्हणालो, "एक तरी घ्या." त्या नाही म्हणाल्या. "अर्धा घ्या. घरचं तूप आहे." त्या पुन्हा नाही म्हणाल्या. "बरं, घरी न्या, मुलांना." आणि मी डबा त्यांच्या हातात कोंबला. बाईंनी डबा परत माझ्या हातात ठेवला, खिशातून वही काढली आणि लिहायला लागल्या.

"तू लाच देतोयस तिला?" डॅरल माझ्या कानात फिसकारला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"लाडू आहेत ते!" मी म्हणालो, आणि घाबरून एक स्वतःच तोंडात टाकला.

तोवर बाईंनी बदकं पाहिली. तीन झाली. चौथ्यावर हात थांबला. "हे कुठलं?"

"ब्लॅक डक," डॅरल म्हणाला. गुर्मीत म्हणाला, पण माझ्याकडे बघत म्हणाला.

बाईंच्या हातात आता माझी लॅमिनेट केलेली मार्कशीट आली होती. त्यांनी तिच्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला. "बावीसपैकी बावीस," त्या म्हणाल्या. "वा. मग तुम्ही सांगा. हे कुठलं बदक?"

डॅरलच्या डोळ्यात मला जून महिना दिसला. गॅविन दिसला. एवढंच करायचं होतं, ब्लॅक डक म्हणायचं. दोन शब्द. मी ठरवलं की म्हणायचं. चौथं शील आठवलं, खोटं बोलणार नाही, तेसुद्धा मी क्षणभर बाजूला ठेवलं, खरं सांगतो. पण एक बाई वही-पेन घेऊन समोर उभी आहे, हातात माझी मार्कशीट आहे, आणि मला उत्तर येतंय. येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकवायचं? लाडू गिळला आणि तोंड आपोआप सुरू झालं.

"फ्रेकल्ड डक, मॅडम. शास्त्रीय नाव स्टिक्टोनेटा नीव्होसा. संरक्षित. डोक्याचा मागचा भाग टोकदार, चोच वर वळलेली, अंगावर बारीक ठिपके. विणीच्या काळात नराच्या चोचीचं मूळ लाल होतं. आकृती काढून दाखवू?"

नको म्हणाल्या.

परतीच्या तीन तासांत डॅरलने रेडिओ एकदाही बंद केला नाही. माझ्या घरापाशी गाडी थांबवून त्याने फक्त लाडवांचा डबा खिडकीतून बाहेर दिला. मी प्रमिलाला सगळं सांगितलं. तिने फोनवर एजन्सीचं वेळापत्रक उघडलं आणि म्हणाली, "बरोबर केलंस. आता मी जास्त शिफ्ट मागते." ते ऐकून मला रडूच आलं.

दुसऱ्याच दिवशी नवा लॉकडाउन जाहीर झाला. डॅरलला दंड झाला आणि लायसन्स गेलं. परत हवं असेल तर परीक्षा पुन्हा द्या, असं कळवण्यात आलं. लाडवांबद्दल मला एक सभ्य पत्र आलं. अधिकाऱ्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत, हेतू चांगला असल्याची नोंद घेतली आहे. तेही मी लॅमिनेट केलं.

आठवडाभराने डॅरलचा फोन आला. मी उभा राहूनच घेतला.

"डार्मा," तो म्हणाला. "ते बदकांचं... मला शिकवशील?"

नरेंद्रला कळायला दहा मिनिटं लागली. "सोन्यासारखी संधी आहे," तो कुंपणावरून म्हणाला. "हळू शिकव. तो नापास होत राहील तोवर तुझी नोकरी पक्की. जून काढ, मग बघू."

आणि मी, खोटं कशाला बोलू, एका संध्याकाळी तसं करायला बसलो होतो. दोन टीलच्या फोटोंखाली नावं उलटी टाकली. मग आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुसरी लाट, ती घरात एकटी, विमानं बंद, रोज काय बोलायचं हा प्रश्न. "साहेबांचा अभ्यास कुठवर आला?" तिने विचारलं. वहीच घेऊन बसली होती. चाळीस वर्षं शिकवलेली बाई. "पाठांतरावर भर दे. आणि कच्च्या मुलावर ओरडायचं नाही, त्याला आधी सोपं विचारायचं." फोन ठेवल्यावर मी नावं सरळ केली.

मग रोज संध्याकाळी सहाला झूमवर क्लास. पन्नाशी उलटलेला डॅरल चष्मा लावून बसायचा. "मेट, सगळी तपकिरीच आहेत," म्हणायचा. मी गृहपाठ द्यायचो. एकदा त्याने तो केला नाही आणि कुत्र्याने कागद खाल्ला म्हणाला. करुणा मागून म्हणाली, "सीरिअसली?" बावीसपैकी नऊ. मग बारा. मग सतरा. सतराला डॅरलचे डोळे ओले झाले होते. माझेही.

लॉकडाउन उठला, आणि जूनच्या शेवटच्या शुक्रवारी त्याची परीक्षा झाली. दुपारी फोन वाजला. मी, प्रमिला, करुणा स्वयंपाकघरात उभे. कुंपणापाशी नरेंद्र.

"पास!" डॅरल ओरडला. "बावीसपैकी एकवीस! आणि ऐक, गॅविन जीलॉंगच्या ब्रँचला जातोय, त्याला बढती आहे. सोमवारी ये. स्टॉकची मोजणी तुझीच. फक्त ऑडिटर येईल त्या दिवशी तू रजेवर जायचंस. कुठेही जा. पण माझ्या शेजारी उभा राहू नकोस."

नोकरी राहिली होती. प्रमिला डोळे पुसत मला खुणा करत होती, थँक्यू म्हण आणि ठेव, थँक्यू म्हण आणि ठेव. मी थँक्यू म्हणालो. मनापासून म्हणालो. ठेवायचाच होता फोन.

"डॅरल," मी म्हणालो, "एक कुठे गेला?"

प्रमिलाने कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं, हातातलं गेलं.

"फ्रेकल्ड डक," डॅरल अगदी हळू आवाजात म्हणाला.

"सोमवारी लंचला वही घेऊन बस," मी म्हणालो.

"येस, सर," तो म्हणाला.